जांभळी भज्जी

हे शहाऐंशी सालचं आहे. दिवाळीच्या फराळातली शेवटची शंकरपाळी संपली त्याच दिवशी मायनं पेटी भरली आणि दारात आणून ठेवली. हिरवी लोखंडी पेटी, वर माझ्या वडिलांचं नाव, तेही रंगाऱ्यानं चुकीचं लिहिलेलं. आमची खोली बोईसरजवळच्या पाम गावातल्या चाळीत, दहा बाय दहाची. पेटी दारात असली की आत येणाऱ्याला ती ओलांडूनच यावं लागे. पहिल्या आठवड्यात मी सात वेळा ठेचकाळलो.

"बघून चालावं," माय म्हणाली.

"निघालीस कुठं?"

"निघाले न्हाई अजून. येळवस होऊ दे."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. उभ्या पिकात खोप करायची, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, शेताला जेवू घालायचं, आणि मग आपण भज्जी खायची. त्या दिवसांत शेतात जे जे ओलं आणि कोवळं असेल ते सगळं, तूर, हरभरा, वाल, मेथी, कांद्याची पात, बोरं, चिंचेच्या कोळात शिजवायचं आणि वरून बेसन लावायचं, ही भज्जी. सोबत ताकात आंबवलेल्या ज्वारीची आंबील. मायनं लग्न झाल्यापासून एकतीस येळवशी केल्या होत्या. बत्तिसावीला अडचण एवढीच होती की आमच्या शेतात आता तलाव होता. सरकारी. मोबदला मिळाला होता, तलावात मासेही चांगले आहेत असं ऐकून होतो.

म्हणून ती उन्हाळ्यात माझ्याकडं बोईसरला आली. आणि म्हणूनच गावाकडून चंद्रभानकाकांचं पत्र आलं: 'वहिनीला इकडे पाठवावे. एक खोली आहे. सध्या तिच्यात कडबा आहे, परंतु कडबा काढता येईल.' काका शब्द जपून वापरतात. 'कडबा काढू' असं नव्हतं लिहिलं. 'काढता येईल.'

मायनं पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "तिकडं कडबा हाय, पर शेत बी हाय. हितं तुझ्याकडं काय हाय? येळवस हितं झाली तर मी ऱ्हाते. न्हाई झाली तर कडबा."

मला माय हवी आहे असं मी म्हणालो नाही. आमच्यात तसं कुणी म्हणत नाही. मी म्हणालो, "करू की येळवस. त्यात काय."

"मग शेत आण," माय म्हणाली. कोथिंबीर आण म्हणावं तसं.

मी सुताला रंग देणाऱ्या कारखान्यात कामाला होतो. त्या हंगामात जांभळ्या सुताची मोठी ऑर्डर होती, त्यामुळं माझे हात कोपरापर्यंत जांभळे. असे हात घेऊन मी पाममध्ये तीन जणांकडं एक दिवसापुरतं शेत मागितलं. तिघांचीही भातं कापून झाली होती आणि तिघंही मला हो म्हणाले. मायनं तिन्ही शेतं बांधावरूनच नापास केली.

"उभं पीक पाहिजे. रिकाम्या शेताला जेवू घालायचं म्हंजी रिकामा पाळणा हलवायचा."

शेत शेवटी बोईसर स्टेशनच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, एका टोपलीत सापडलं. टोपलीमागं ठकी नावाची वारली बाई बसली होती. टोपलीत वर मातीनं माखलेले, केसाळ, डोक्याएवढे गोळे. मायला न ओळखता येणारी वस्तू सहन होत नाही.

"हे काय?"

"कोनफळ," ठकी म्हणाली.

"तेच इचारायले. कोणतं फळ?"

"कोनफळ."

"अगं बाई, फळ हाय हे कळलं. बघून वाटंना, पर तू म्हणायलीस म्हणून. नाव काय त्येचं?"

"कोन."

"हे."

"हे कोनफळ."

माय माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बिचारीला ऐकू कमी येतं." ठकीही तेवढ्यात शेजारच्या बाईच्या कानाशी लागली होती. ती मायबद्दल तेच सांगत होती, हे मला नंतर कळलं.

शेवटी ठकीनं कोयत्यानं एक गोळा कापून दाखवला. आत गडद जांभळा. मायनं त्या गोळ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं पाहिलं.

"तू केलास व्हय रे हे?"

मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. पण तेवढ्यात तिला कोनफळांखाली हिरव्या शेंगा दिसल्या आणि तिचा आवाजच बदलला.

"तूर कुठली?"

"माझी. उमरोळीच्या पल्याड, डोंगराला. नागली कापली, तूर हाय."

"उभी हाय?"

"उभी नाय तर काय बसलेली?"

माय रस्त्यावर बसली. मांडी घालून, ठकीच्या शेजारी, शेंगांच्या आणि सांडपाण्याच्या मधोमध. शेताला जेवू घालायचं म्हणजे काय हे मला कारखान्यात कुणालाच समजावून सांगता आलं नव्हतं. ठकीला ते एका वाक्यात कळलं. "आमी बी घालतो," ती म्हणाली. "रिकामं सोडून जायला बरं नाय वाटत. अवसेला या. दुसरे दिवशी आमी इटांच्या भट्टीवर जानार, मी, झिपरू, पोरा, सगली. मग होलीलाच येनार."

"आन् तूर?"

"कवळीच तोडून इकनार, होईल तेवढी. राहिली ती लोकांच्या बकऱ्यांना." हे ठकीनं असं सांगितलं, जसं काकांनी कडब्याबद्दल लिहिलं होतं.

शेत मिळालं. आता मायनं नियम सांगायला सुरुवात केली. ज्या शेताला जेवू घालायचं, त्याच्याच मातीतलं शिजवायचं. बाजारचं गाजर, फ्लॉवर काही चालणार नाही. फक्त हरभऱ्याला सूट, कारण हरभऱ्याशिवाय भज्जी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. ओला हरभरा बोईसरात कुठंच मिळाला नाही. एका दुकानदारानं तर मला हरभरा ओला कसा असतो असं विचारलं. शेवटी मायनं एक पायरी खाली यायचं कबूल केलं: ओला नाही तर नाही, बेसन तरी. त्याखाली ती उतरणार नव्हती.

"आन् माणसं बोलाव. एकट्यानं खाल्ली तर ती येळवस न्हाई, डबा."

रंगखात्यात माझ्या शेजारच्या मशीनवर कमलाकांत होता, समुद्रकाठच्या दांडी गावचा. त्याचं सगळं घर मासेमारीत, हा एकटाच सुताच्या जाळ्यात सापडलेला. मी त्याला म्हणालो, "अमावस्येला भज्जी खायला यायचं. शेतात."

"अवस म्हंजी एकतीस डिसेंबर," तो म्हणाला. समुद्रावरच्या माणसाला तिथी पाठ असते. "एकतीसला भजी? शेतात?"

"भज्जी."

"तेच रं. किती जन आनू?"

"आण सहा-सात."

"मावशी एकटी किती तलनार?"

'तलनार' हा शब्द मी ऐकला. पण मशीन चालू होती, म्हणून तो 'दळणार' म्हणाला असेल असं मी धरून चाललो. बेसन दळावं लागतंच.

अमावस्येला मायनं आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं, त्यावर घोंगडी पांघरली आणि बोईसरच्या स्टँडवर पालघरच्या एस्टीत चढली. मडकं मांडीवर आलं. माझ्याकडं भांडं, पळी आणि पिशवी.

कंडक्टरनं मडक्याला हात लावला. मडक्यात काहीतरी बुडबुडलं. त्यानं हात काढून घेतला.

"काय आहे यात?"

"शेताचं जेवण," माय म्हणाली.

"शेत जेवतं?"

"तुमी जेवता का न्हाई?"

कंडक्टरनं यावर विचार केला आणि मडक्याचं तिकीट न फाडता पुढं गेला. मला हा आमचा विजय वाटला. त्या विजयाच्या भरात मी उमरोळीला भांडं घेऊन उतरलो, पळी घेऊन उतरलो, मायला उतरवलं. पिशवी सीटवर राहिली. हे मला अजून माहीत नव्हतं.

ठकीचं शेत म्हणजे डोंगराच्या उतारावरची चार घरांएवढी जमीन. पण तूर माझ्या छातीपर्यंत आणि शेंगांनी वाकलेली. माय पायवाटेवरच थांबली. आमच्या शेतावर तलाव आल्यापासून ती कुठल्याही पिकाजवळ गेली नव्हती. तिनं एक शेंग उकलली, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, "खोप कुठं करायची?"

ठकीचा नवरा झिपरू यानं भाताच्या पेंढ्याची खोप अर्ध्या तासात उभी केली. माय पाच दगड वेचून चुन्यानं रंगवू लागली. ठकी बघत होती.

"हे कोन?"

"पांडव."

"पाचच?"

"पाचच असतेत."

ठकीनं शेताच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या दगडाकडं बोट केलं. त्याला जुना शेंदूर होता. "हा आमचा. हा आधीपासून हाय. पाच पावन्यांना जेवन आनि घरच्याला नाय?"

माय चुन्याचा बोळा हातात धरून उठली. एकतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मग ती चढून वर गेली आणि त्या दगडालाही एक चुन्याचा पट्टा ओढून आली. खाली येऊन मला म्हणाली, "गावाकडं सांगू नको."

तीन दगडांची चूल पेटली. तुरीचे दाणे, वालाचे दाणे, झोपडीमागच्या वाफ्यातली मेथी आणि पात, झिपरूनं झाड हलवून आणलेली बोरं, चिंच. भांडं निम्मंच भरलं. ठकी बांधाकडं गेली, वाळलेल्या वेलाखाली खणलं आणि कोनफळ घेऊन आली.

"हे ठेव बाजूला," माय म्हणाली.

"ह्याच मातीतला हाय. तुमीच बोलल्या."

स्वतःच्या नियमात सापडलेली माय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिनं कोनफळ सोललं, चिरलं, भांड्यात टाकलं. पाचव्या मिनिटाला रस जांभळा झाला. दहाव्या मिनिटाला वाल जांभळे झाले. मेथी तेवढी हिरवी राहण्याचा प्रयत्न करत होती.

"शिजल्यावर बेसनानं पिवळी होईल," माय ठामपणे म्हणाली. "पीठ दे."

मी मागं पाहिलं. भांड्याचं झाकण होतं, पळी होती, मडकं होतं.

"पिशवी पालघरला गेली," मी म्हणालो.

"कशाला?"

मायनं पळी झाकणावर ठेवली. आवाज न करता. ती भांडी आपटते तेव्हा मला भीती वाटत नाही. भांड्यात जांभळ्या पाण्यात भाज्या सुट्ट्या पोहत होत्या. कुणी कुणाला धरून नव्हतं. सूर्य माथ्यावर यायला तासभर होता, आणि शेताचं जेवण सूर्य माथ्यावर असतानाच द्यायचं असतं.

"कडबा," माय म्हणाली. एवढंच.

मी पळत सुटलो. उमरोळीत एक दुकान होतं. जायला अर्धा तास, यायला चढ. हिशेब बसत नव्हता, पण कडब्याच्या खोलीचा हिशेब त्याहून कमी बसत होता. चप्पल पहिल्या उतारालाच तुटली. ती हातात घेऊन पळालो. का घेतली, सांगता येत नाही.

ओहोळाच्या वळणावर समोरून मिरवणूक आली. पुढं कमलाकांत, डोक्यावर पाटी. मागं रंगखात्यातले सहा जण, एकाकडं कढई, एकाकडं तेलाचा डबा, एकाकडं वर्तमानपत्रात गुंडाळलेली उभी वस्तू. सातही जणांचे हात कोपरापर्यंत जांभळे. वाटेवरच्या दोन बायका त्यांना बघून बाजूला सरल्या होत्या.

"बेसन आहे?" मी विचारलं.

"दोन किलो," कमलाकांत म्हणाला. "भजी करायची तर बेसन नाय आननार?"

त्याची चूक दुरुस्त करण्याची ही वेळ नव्हती. मी बेसनाची पिशवी काढून घेतली आणि वर पळालो. माय अजून तशीच बसली होती. पिशवी पुढं धरली. तिनं नाक लावून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि कुठून आणलंस हे न विचारता पळी उचलली. निम्मं बेसन पाण्यात कालवून भांड्यात ओतलं आणि घोटायला लागली. दोन्ही हातांनी, पदर खोचून. भज्जी हळूहळू धरायला लागली. भाज्या एकमेकींना सापडल्या. रंग मात्र पिवळा झाला नाही. तो तसाच राहिला, फक्त घट्ट झाला.

तेवढ्यात मिरवणूक पोचली. कमलाकांतनं पाटी उतरवली आणि वरचं केळीचं पान काढलं.

"हे काय?" माय म्हणाली.

"बोंबील, मावशी. आजचे, दांडीचे. अजून थरथरतात बघा."

"कशाला?"

"भजीला."

"भज्जी," माय म्हणाली.

"हां, भजी."

"भज्जी."

"तेच सांगतो मावशी, भजी. बोंबलाची. तुमी पीठ कालवा, तलायचा आमी बघतो."

ठकी फिसकन हसली. मायनं तिच्याकडं रागानं पाहिलं, आणि पाहता पाहता तिला काहीतरी आठवलं. "कोणतं फळ," ती पुटपुटली. ठकी म्हणाली, "कोनफळ." मग दोघीही हसायला लागल्या आणि आम्ही आठ माणसं बोंबलांसकट उभे राहिलो.

हसून झाल्यावर मायनं निकाल दिला. पळीनं बांध दाखवला. "बांधाच्या अल्याड येळवस. पल्याड तुमचं काय ते. आधी शेत जेवंल, मग पांडव, मग माणसं, मग मासळी."

"आनि हे?" वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं.

"ते काय?"

"औषध, मावशी."

"मग आजाऱ्यानं पल्याडच बसायचं."

सूर्य माथ्यावर आला. सहा दगडांपुढं सहा पानांवर भज्जी वाढली. मी आंबिलीचा तांब्या घेऊन शेताला फेरी घातली. तुरीवर आंबील शिंपडताना एक आरोळी द्यायची असते. ती कानडी असावी. तिचा अर्थ आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाला ठाऊक नाही. झिपरूनं मला अर्थ विचारला, मी माहीत नाही म्हणालो, त्याला ते पटलं आणि तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागला.

मग माणसं बसली. रंगखात्याच्या सहा जणांनी पानातल्या भज्जीकडं पाहिलं, पण कुणी हात लावला नाही.

"एकशे चौदा नंबरचा जांभळा," एक जण म्हणाला.

"नाय. चौदाला निला जास्त पडतो. हा एकशे सोला."

"सोळाला एवढी चमक नसते."

माय त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात पळी होती. "खावा," ती म्हणाली. "रंग पोटात गेल्यावर दिसत न्हाई."

खाल्ली. आंबट, तिखट, मध्येच बोराचा गोड चावा, आणि कोनफळ लोण्यासारखं विरघळलेलं. त्यानंतर नंबर कुणी काढला नाही. कमलाकांतनं चार वेळा घेतली. चौथ्या वेळी म्हणाला, "मावशी, ही भजी तललेली नाय तरी चांगली हाय." मायनं त्याला दुरुस्त केलं नाही. मी तिला ओळखतो, त्यासाठी तिला कष्ट पडले असणार.

उन्हं कलली तेव्हा बांधापलीकडं तेल तापलं होतं. अलीकडं ठकी मायजवळ येऊन बसली.

"बाय, शेताला जेवू घातला ना तुमी?"

"घातलं की."

"मग आता ते तुमचा कोन लागतो?"

माय तुरीची एक शेंग उकलायला लागली.

"जेवू घालून कोन टाकून जातो का? आमी उद्या जानार. तूर वालायला महिना-दीड महिना हाय. या अधनंमधनं, बकऱ्या हाकला. वालली का कापून ठेवा. होलीला अर्धी तुमची, अर्धी माझी."

माय उठली. शेताच्या चारी कडांनी चालली. एके ठिकाणी कुंपणाला भगदाड होतं, तिथं वाकून दोन काटेरी फांद्या ओढून लावल्या. मग वरच्या कोपऱ्यात त्या मोठ्या दगडाशी थोडी थांबली. परत आली ती म्हणाली, "दक्षिणेकडनं बकरी शिरती. कुपाटी नीट कर जायच्या आधी, झिपरू. न्हाईतर मी कशाला राखायची?"

परतीच्या एस्टीत कंडक्टर तोच होता. त्यानं बाकाखालून आमची पिशवी काढली. "शेत जेवलं?" त्यानं विचारलं.

"जेवलं," माय म्हणाली. "परवा परत जायचंय. उमरोळीला गाडी किती वाजता असती?"

घरी आल्यावर तिनं दिवा लावला आणि मला पोस्टकार्ड घ्यायला लावलं.

"चंद्रभानला लिही. तूर उभी हाय."

मी लिहिलं. "आणि?"

"आन् काय? त्यो शेतकरी हाय, त्येला कळतं." थोडं थांबून म्हणाली, "कडबा काढू नको म्हणाव. जनावराला लागतो."

पेटी तिनं स्वतःच उघडली, आतून विळा काढला आणि पेटी खाटेखाली सारली. लातूरहून ती विळा घेऊन आली होती हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, सवयीनं दारात पाय उंच उचलला, ओलांडायला काहीच नव्हतं, आणि तोंडावर आपटलो.

"बघून चालावं," माय म्हणाली. ती विळ्याला धार लावत होती.